सेकंड हँड कपडे घेताय? मग निदान या चुका तरी करू नका

मागच्या महिन्यात मावसबहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला. ढिगातनं काढलेलं डेनिमचं जॅकेट, खाली लिहिलेलं, "ताई फक्त २००, ब्रँड बघ की". मी विचारलं, उलटं करून बघितलीस का? त्यावर नुसते दोन निळे टिक. चार दिवसांनी परत फोटो, आता बगलेत वीतभर फाटलेलं, आणि "ताई हे शिवून मिळतंय का गं कुठं". शिवण उसवली असती तर मिळालं असतं, इथं कापडच विरलेलं होतं, आणि विरलेल्या कापडात टाका घातला की तो टाका राहतो आणि शेजारचं फाटतं. असले फोटो मला सारखे येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवायलेय.

आधी माझी आई. ती इथं पूर्व भागात युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटणाला होती. सोलापुरातनं बाहेरगावच्या शाळांना ढिगानं युनिफॉर्म जातात हे बाहेरच्यांना माहीतच नसतं, चादर आणि शेंगाचटणीच्या पुढं कुणी जात नाही. तर आई कुठलाही कपडा हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करते. शिवण बघते, आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, किती सोडलीय बघते, काजाचे दोरे सुटलेत का बघते, आणि मग सुलटा करून रंग वगैरे. "तोंड काय बघतीस, पोट बघ." मी कॉलेजपासून सेकंड हँड घेतेय आणि जेव्हा जेव्हा फसले तेव्हा पोट न बघता फसले.

लेबल वाचून उडी मारणं

ढिगात हात घालायचा, कॉलर धरून वर काढायचं, नाव वाचायचं की चेहरा फुलला. अरे लेबल म्हणजे दोन इंचाची पट्टी, ती कुठनंही काढून कुठंही लावता येते, अख्ख्या कपड्यात शिवायला सगळ्यात सोपी तीच. मी आतल्या शिवणीतली धुण्याच्या सूचनांची पट्टी बघते. तिच्यावरची अक्षरं पुसट आणि कडा मुडपलेल्या असल्या की कपडा भरपूर धुतलाय, मग विकणारा "एक्स्पोर्ट सरप्लस आहे मॅडम, नवाकोरा" असं कितीही म्हणू दे. सरप्लस म्हणजे न खपलेला नवा माल, त्याचं लेबल बऱ्याचदा मुद्दाम कापलेलं असतं. सेकंड हँड म्हणजे कुणीतरी घालून सोडलेला. दोन्हीत वाईट काही नाही पण भाव एक कसा असंल? परदेशातले वापरलेले कपडे गुजरातेत कांडलाच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, गठ्ठ्यानं येतात आणि तिथं त्यांची छाटणी होते, जुन्या लोकरीचा धागा आणि ब्लँकेटं पानिपतला होतात, आणि आपल्या देशातला जुना माल फिरतो तो बोहारणींच्या जिवावर. स्टीलच्या डब्यासाठी आपण ज्या पँटी-साड्या देतो त्या कुठंतरी जातातच की.

आणि साइजचा आकडा. ४० लिहिलंय म्हणून छाती ४० इंच धरू नका, युरोपातला बायकांचा ४० म्हणजे साधारण ब्रिटनचा १२ आणि अमेरिकेचा ८. मी आकडा वाचतच नाही. घरातला नीट बसणारा एक शर्ट फरशीवर पसरून बगल ते बगल, खांदा आणि उंची मोजून ठेवलीय, तीन आकडे मोबाईलमध्ये आणि टेप पर्समध्ये. इन्स्टावरनं मागवत असाल तर विकणाऱ्याकडनं हेच तीन आकडे मागा, "फ्री साइज आहे डिअर" असं उत्तर आलं की पुढं जा.

"लेदरसारखं" जॅकेट

इथं जरा जास्त बोलते कारण ही चूक माझी स्वतःची आहे आणि अख्ख्या खानदानाला पाठ आहे.

कॉलेजला होते. ४५० रुपयांत काळं जॅकेट मिळालं, चेन तिरकी, अस्तर लालभडक, आरशात बघून मीच माझ्यावर खूश. सोलापुरात जॅकेट घालायचे दिवस असतात किती, ते पण रात्रीचे, पण जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, असतो म्हटलं तिथंच उद्घाटन करू. आमचे मामा त्यातल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत असतात. अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी, म्हणजे बंद बांधायचा अंगरखा, मामी ती नीळ टाकून धुवून कडक इस्त्री करून आठ दिवस आधी तयार ठेवतात, पोरांना हात लावू देत नाहीत. गर्दी ही एवढी, डोक्यावर ऊन, आणि मी हरवू नये म्हणून मामांच्या पाठीला चिकटून चाललेली, दोन्ही हात त्यांच्या खांद्यावर. जरा मोकळी जागा मिळाली तेव्हा मामी आल्या आणि बघतच राहिल्या. बाराबंदीच्या अख्ख्या पाठीवर काळे पापुद्रे, कोळशाच्या गोदामात लोळल्यासारखं. माझ्या कोपरावरचं काळं गेलेलं, खालनं जाळीचं कापड दिसायलंय, मानेला घामात काळं चिकटलेलं, आणि मी झटकायला गेले तर अजून पसरलं. मामा काही बोलले नाहीत, दिवसच तसा होता. मामी मात्र अजून मी काळं काही घातलं की चार हात लांब बसतात.

ते लेदर नव्हतंच. कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो, पीयू म्हणतात त्याला, आणि तो थर हवेतल्या दमटपणानं आणि उष्णतेनं वर्षागणिक कमकुवत होत जातो, तुम्ही घाला नाहीतर घालू नका. म्हणून कपाटात न घालता ठेवलेलं जॅकेटसुद्धा एक दिवस सोलायला लागतं. म्हणजे जुनं पीयू घेणं म्हणजे कुणाच्या तरी कपाटात पाच-सहा वर्षं खराब होत पडलेल्या वस्तूला पैसे मोजणं. दुरुस्ती शून्य. वरनं लावायचे रंग मिळतात, मी तोही शहाणपणा करून बघितला, रंगासकट पापुद्रे निघाले.

ओळखायचं कसं तर चेनच्या कडेला नाहीतर खिशाच्या आत कापलेली कड शोधा. खऱ्या चामड्याची मागची बाजू बारीक केसाळ तंतूंची असते, तिथं जाळी किंवा विणलेलं कापड दिसलं की विषय संपला. कॉलर दुमडून घडीवर नख फिरवा, हाताला चिकट लागलं तर तिथल्या तिथं खाली ठेवा. विकणारा रागावतो. रागावू दे. पर्स आणि बुटांनाही हेच.

"मास्तर करून देतील की"

नवशिक्यांचं आवडतं वाक्य. पँट दोन इंच घट्ट आहे? मास्तर करून देतील. खांदा उतरतोय? मास्तर. मास्तर म्हणजे काय जादूगार आहेत का.

कपडा आत घेता येतो, बाहेर सोडायचा तर आत माया पाहिजे, आणि रेडिमेडमध्ये माया बोटभरसुद्धा नसते कारण कंपनी कापड वाचवते. टेलरकडनं शिवून घेतलेल्या जुन्या पँटीला मात्र मागच्या शिवणीत इंच-दीड इंच सापडते, जुन्या ब्लाउजला बाजूला. तरी सोडल्यावर आधीच्या शिवणीची रेघ राहते आणि आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं, ते आधी उलटं करून बघा आणि मग ठरवा.

खांद्याच्या तर नादाला लागूच नका. माझ्या भावानं इंटरव्ह्यूसाठी ३०० रुपयांत ब्लेझर आणला, तिरा, म्हणजे खांद्याची रुंदी, दोन्हीकडनं दोन-दोन बोटं बाहेर. गल्लीतल्या मास्तरांनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "बाही काढावी लागंल, मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, परत कापावा लागंल, अस्तर उघडावं लागंल. ८०० घेतो आणि चांगलं होईल म्हणून सांगत नाही." एवढं स्पष्ट सांगणारा माणूस मिळाला तर पाया पडावं, पण भावाला घाई. तो दुसरीकडं गेला, तिथं ४०० मध्ये झालं, आणि झालं म्हणजे हात वर केला की अख्खा ब्लेझर कानापर्यंत वर. त्यात घरी आल्यावर जरा फ्रेश दिसावा म्हणून त्यानं तो वॉशिंग मशीनला लावला. स्वस्त ब्लेझरच्या छातीत आत कॅनव्हास पेस्टिंगनं चिकटवलेला असतो, तो धुण्यात सुटला आणि पुढच्या बाजूला फोड आल्यासारखे फुगे. ७०० रुपये घालून इंटरव्ह्यूला शेवटी शर्टवर गेला.

माझा हिशोब साधा आहे, खांदा बसला तर बाकीचं माफ. लांबी, कंबर, बटणं, चेन, सगळं होतं. कपडा अधिक शिलाई मिळून इथल्या नवी पेठ बाजारातल्या नव्या कपड्याच्या निम्म्याच्या वर जायला लागलं की मी सोडून देते, कितीही आवडलेलं असू दे. पण हे ऐकायला कुणाला वेळ नसतो, पहिल्याच दिवशी सहा कपडे घरी न्यायचे असतात. मी बऱ्याचदा तास-दीड तास ढीग उपसून रिकाम्या हातानं येते, आणि त्यात मला काही वाटत नाही.

बाकीच्या पटापट

दिव्याखाली रंग ठरवू नका, उन्हात न्या. आणि उजेडासमोर धरा, मांड्या, कोपर, बैठक चाळणीसारखी दिसली तर गेलं.

हळदीचा डाग असंल तर भाव पाडून घ्या, धुवून ऊन दाखवलं की उडतो. बगलेतला पिवळा डाग मात्र घेऊ नका, त्यावर ब्लीच टाकलं तर अजून पिवळा होतो.

स्ट्रेच जीन्स ओढून सोडा. जागेवर आली नाही किंवा गुडघ्याला बारीक लाटा दिसल्या की आतलं इलॅस्टिक मेलं.

जुनी सिल्क साडी ड्रेससाठी घेताय तर पूर्ण उघडा, वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी घडीवरच चिरते. दोन कडा धरून हलकं ताणा, हलकंच, विकणाऱ्यासमोर टर्रकन फाटली तर विकत घ्यावी लागंल.

डांबरगोळीचा वास चार दिवस वाळत घातलं की जातो. पॉलिस्टरमधला जुना घाम जात नाही, धुतल्यावर गेल्यासारखा वाटतो आणि अंग तापलं की परत येतो. भसाभसा अत्तर मारलेला कपडा मी हातातच घेत नाही.

रंग सुटत असंल तर मिठाच्या पाण्यात भिजवून पक्का होतो म्हणतात, होत नाही, एकदा रंगवून झालेल्या कपड्याला मीठ काही करत नाही. वेगळं धुवा एवढंच.

आणि ढेकूण. आणलेली पिशवी थेट कपाटात किंवा पलंगावर टाकू नका. मी गाठ मारून बाहेर गॅलरीत ठेवते, कॉटन असंल तर कडक गरम पाण्यात आणि मग दिवसभर गच्चीवर, त्याआधी कॉलर आणि खिशाच्या शिवणी बघून घेते. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं मी खरेदीला पाणी यायच्या आदल्या संध्याकाळीच जाते. एखाद्या वेळी चुकलं की पिशवी चार दिवस गॅलरीत पडून, आणि शेजारच्या अक्का कठड्यावरनं विचारणार, "काय आणलीस गं, दाखव की." दाखवलं की त्यातले दोन कपडे त्यांच्या पोरीकडं गेलेच म्हणून समजा.