काट्याच्या पावत्या कोणत्या डेटाबेसात ठेवाव्या?

कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. म्हणून डेटाबेसच्या (नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लायसन्सवर पैसा घालू नका, तो चांगल्या यूपीएसमध्ये घाला. डेटाबेस फुकटचाच घ्या.

कृषी केंद्रात एकच कॉम्प्युटर असेल तर एसक्यूलाइट हा छोटा मोफत डेटाबेस पुरे. सगळा हिशेब एका फाइलीत राहतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. मात्र ती फाइल नेटवर्कवर शेअर करून तीन मशीनवरून उघडू नका. तिथे फाइल लॉक होण्याचा (एका वेळी एकानेच लिहिण्याचा) भरवसा नसतो, डेटा बिघडतो.

काट्यावर एक, ऑफिसात दोन अशी मशीनं असतील तर सरळ पोस्टग्रेस हा मोफत सर्व्हर-डेटाबेस घ्या. लिनक्स टाकलेल्या जुन्या डेस्कटॉपवरही तो आरामात चालतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०२२ ची मोफत एक्सप्रेस आवृत्ती एका डेटाबेसला १० जीबीवर अडते. पोस्टग्रेसला असली अट नाही. वेग वाढवायला कुणी ‘एफसिंक’ (लिहिलेलं डिस्कवर पक्कं करणारी सेटिंग) बंद करायला सांगेल, अजिबात ऐकू नका. ते चालू असतं म्हणूनच लिहिलेली पावती लाइन गेल्यावरही डिस्कवर सापडते.

रोज रात्री पोस्टग्रेससोबत येणाऱ्या पीजी-डंपने बॅकअप घ्या, पेनड्राइव्ह घरी न्या. आमची बॅकअपची फाइल एकदा शून्य केबीची निघाली होती, पेनड्राइव्ह भरलेला होता. तेव्हापासून दर महिन्याला मी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवतो आणि शेवटची पावती कागदाशी ताडून पाहतो.