रेडिएशनने स्टरलाइझ करताना ड्रग डिलिव्हरी डिव्हाइस खराब होतंय? या चुका टाळा

इंजेक्टर, पंप, इम्प्लांट अशी औषध शरीरात पोचवणारी डिव्हाइस रेडिएशनने निर्जंतुक करताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे २५ किलोग्रेवर (किलोग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) मटेरियल टेस्ट करायचं आणि पास झालं म्हणून निर्धास्त व्हायचं. अहो, २५ हा मिनिमम आहे! जंतू मारायला लागणारा. डिव्हाइसची वाट लागते ती मॅक्झिमम डोसने, आणि तो प्रत्यक्षात बराच वर असतो. गामा किरणांच्या पद्धतीत अख्खी पॅलेट किरणांच्या सोर्ससमोरून फिरते, बाहेरच्या बॉक्सना जास्त मिळतं आणि मधल्यांना कमी, म्हणजे जास्तीत जास्त आणि कमीत कमी डोसचं गुणोत्तर समजा १.५ असेल तर मधल्या पीसला २५ मिळेपर्यंत कडेच्या पीसने ३७.५ खाल्लेला असतो. वरून रोजच्या प्रोसेसमधला थोडाफार फरक धरावा लागतो तो वेगळाच. त्यामुळे टेस्टचे सँपल ४५-५० किलोग्रेला मारून बघा आणि मगच आपली वरची मर्यादा ठरवा. रेडिएशनने स्टरलाइझ करण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १११३७ सुद्धा हेच मागतं, मिनिमम आणि मॅक्झिमम दोन्ही आकडे.

आणि २५ च का? बायोबर्डन (स्टरलाइझ करण्याआधी डिव्हाइसवर असलेले जंतू) खरंच कमी असेल, सरासरी दर डिव्हाइसला १.५ सीएफयू (वाढू शकणारे जंतू मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी, तर व्हीडीमॅक्स या, ठरावीक डोस पुरेसा आहे हे तपासून दाखवायच्या पद्धतीने १५ किलोग्रे सुद्धा सिद्ध करता येतो. नाजूक डिव्हाइससाठी माझ्या मते पहिला खर्च इथेच करावा, असेंब्लीच्या स्वच्छतेवर. डोस कमी झाला की पुढचे निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत.

प्लास्टिकच्या बाबतीत लोक रिपोर्ट घाईत बघतात. साधं पॉलिप्रॉपिलीन रेडिएशननंतर दुसऱ्या दिवशी एकदम ठणठणीत दिसतं, ताकद जवळपास तेवढीच, पण आत अडकलेले फ्री रॅडिकल्स (रेणू फुटून झालेले, चटकन रिअॅक्ट होणारे तुकडे) हवेतल्या ऑक्सिजनबरोबर महिनोन्‌महिने काम करत राहतात, प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, आणि मग गोदामात पडून असलेल्या इंजेक्टरचा क्लिप दाबला की कट्‌ करून तुटतो. म्हणून एक्सलरेटेड एजिंग (जास्त तापमानात ठेवून लवकर जुनं करणं) आणि रिअल टाइम एजिंग (खरोखर तेवढा काळ ठेवून बघणं) दोन्ही लावा, तेही मॅक्झिमम डोस दिलेल्या पीसवर, आणि घ्यायचंच असेल तर रेडिएशनसाठी स्टॅबिलाइझ केलेला ग्रेड घ्या. पीटीएफई (टेफ्लॉन) आणि अॅसिटल मात्र सरळ टाळा, गिअर किंवा स्लायडर गुळगुळीत चालतो म्हणून अॅसिटल वापरतात आणि तोच पहिला ठिसूळ होतो. पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं, काच तपकिरी होते, यात काही वेळा फक्त रंगाचाच प्रश्न असतो पण औषध डोळ्याने तपासायचं असेल तर तो खरा प्रश्न आहे. सीरियम घातलेली काच मिळते, ती तपकिरी होत नाही.

आता औषध आत भरलेलं असेल तर. पाण्यात विरघळलेलं औषध तसंच रेडिएशनमध्ये पाठवणं ही मोठीच चूक, कारण रेडिएशन औषधाला थेट लागतं त्यापेक्षा पाणी फुटून जे हायड्रॉक्सिल रॅडिकल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं तेच जास्त नुकसान करतं. तेच औषध सुकं किंवा गोठवलेलं असेल तर रॅडिकल फार हलू शकत नाहीत आणि बरंच वाचतं. पीएलजीएचे (शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरचे) इम्प्लांट असतील तर मॉलिक्युलर वेट मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका, साखळ्या आखूड झाल्या की औषध ठरल्यापेक्षा लवकर सुटायला लागतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. नायट्रोजन भरलेलं पाऊच आणि ड्राय आइसवर ठेवून रेडिएशन, दोन्हीने फायदा होतो. फक्त थंडीत जंतू पण जास्त टिकाव धरू शकतात, म्हणून डोस त्याच थंड अवस्थेत सिद्ध करावा लागतो.

गामाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरायची पद्धत, म्हणजे इ-बीम, झटपट असतं, काही सेकंदात काम, त्यामुळे ऑक्सिडेशनला वेळ कमी मिळतो आणि बऱ्याच पॉलिमरना ते बरं पडतं. पण तापमान विसरतात हो सगळे. २५ किलोग्रे म्हणजे किलोमागे २५ किलोज्यूल, एवढ्यात पाणी साधारण ६ अंशांनी तापतं, प्लास्टिक १२ च्या आसपास आणि स्टीलची सुई, उष्णता कुठे गेलीच नाही असं धरलं तर, जवळपास ५० अंशांनी! त्या सुईला चिकटून पीएलजीए असेल तर ते मऊ पडायला एवढं पुरेसं आहे. उपाय सोपा, डोस दोन-तीन पासमध्ये तोडा आणि मधे थंड होऊ द्या.

अंगावर चिकटवायच्या पंपात चिप असते, आणि साध्या चिप काहीशे ग्रेलाच गचकतात, इथे आपण २५,००० ग्रे देतोय. मग कोणीतरी म्हणतं शिल्ड लावू. लावा, पण शिल्डच्या सावलीत जो भाग येतो तिथे मिनिमम डोस पोचतोय का हे डोसिमीटर (डोस मोजायचं साधन) ठेवून बघितलंय का? नाही बघितलं तर चिप वाचली आणि शेजारची सुईची वाट निर्जंतुक झालीच नाही, हे पेशंटसाठी तुटलेल्या क्लिपपेक्षा कितीतरी वाईट. शिवाय असलं शिल्ड इ-बीमलाच जमतं, गामा पातळ पत्र्याला जुमानत नाही, आणि इ-बीमसमोर जड धातू धरला की त्यातून एक्स-रे निघतात, ते सरळ चिपवर. त्यामुळे बाहेरून अॅल्युमिनियमसारखा हलका धातू बरा. मला विचाराल तर डिझाइन करतानाच दोन तुकडे करा, सुई-कॅन्युलाचा भाग वेगळा स्टरलाइझ होऊ दे आणि इलेक्ट्रॉनिक्स वापरताना जोडलं जाऊ दे.

शेवटची, घाईत होणारी चूक. डोस कमी पडला म्हणून लॉट परत आत पाठवतात. डोस जमा होत जातो, आधीचे २२ आणि नंतरचे २५ मिळून ४७ होतात, आणि कडेच्या बॉक्सचा आकडा त्याच्याही वर. तो तुमच्या सिद्ध केलेल्या मॅक्झिममच्या आत बसत नसेल तर तो लॉट बाजूला काढा.