विहिरीच्या पाणीपातळीचे आकडे कसे स्वच्छ करावेत

विहिरीवर आडवा पाइप टाकून त्याला अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी परत येण्याच्या वेळेवरून अंतर मोजणारे उपकरण) टांगला की पाणी किती खाली आहे हे मोबाइलवर दिसू लागते. परंतु पहिल्या आठवड्याचा आलेख पाहून बहुतेकांचा हिरमोड होतो. मोटार बंद असताना पाणी क्षणात दोन मीटर वर आल्याचे दिसते आणि लगेच पूर्ववत होते. अशा वेळी सेन्सर बदलण्याआधी आकडे तपासावेत, कारण प्रत्येक चुकीचे मूळ वेगळे असते आणि एकाच फिल्टरने सगळ्या चुका जात नाहीत.

सर्वप्रथम कच्च्या नोंदी आहेत तशा साठवाव्यात आणि सोबत मोटार चालू-बंद झाल्याच्या वेळाही नोंदवाव्यात. सेन्सरमध्येच सरासरी काढून फक्त तीच पाठवण्याचा मोह होतो, तो टाळावा. समजा, लागोपाठची पाच रीडिंग 342, 343, 341, 118 आणि 342 सेंटिमीटर अशी आली. त्यांची सरासरी 297.2 येते, म्हणजे विहिरीत कधीच नसलेली पातळी आपण नोंदवतो. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र 342 येतो. म्हणून आधी मध्यक आणि मग सरासरी हा क्रम पाळावा.

तो 118 आला कुठून, हे पाहणेही आवश्यक आहे. ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरत जातो. तो 30 अंशांचा असेल, तर चार मीटर खाली त्याची रुंदी दोन मीटरच्या वर जाते आणि वाटेतल्या पाइपच्या जोडावरून किंवा पायरीवरून प्रतिध्वनी परत येतो. पाणी वर असो वा खाली, एकच अंतर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो अडथळाच समजावा. निम्म्याहून अधिक रीडिंग त्या अडथळ्याची असतील, तर मध्यकही फसतो. तिथे गणित चालत नाही. सेन्सर विहिरीच्या मध्याकडे सरकवावा.

दुसरी चूक लाटांची. समजा, पाण्यावर 1.1 सेकंदाच्या अंतराने लाटा येत आहेत आणि आपण दर सेकंदाला एक रीडिंग घेत आहोत. तर आलेखात 11 सेकंदांचा एक संथ झोका दिसेल, जो पाण्यात नाहीच. असा झोका एकदा नोंदीत शिरला की नंतर ओळखता येत नाही. त्यामुळे दर मिनिटाला 0.3 सेकंदाच्या अंतराने 31 रीडिंग घ्यावीत, म्हणजे बऱ्याच लाटा त्यात सामावतात, आणि त्यांचा मध्यक ही त्या मिनिटाची नोंद मानावी.

तिसरी चूक तापमानाची. हवेतील ध्वनीचा वेग 20 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 343 मीटर, तर 35 अंशांना सुमारे 352 मीटर असतो. सेन्सर 20 अंश गृहीत धरत असेल आणि विहिरीतील हवा सरासरी 35 अंशांची असेल, तर 340 सेंटिमीटरच्या रीडिंगमागे खरे अंतर सुमारे 349 असते. म्हणजे दुपारी पाणी आपोआप नऊ सेंटिमीटर चढल्याचे दिसते. हजार रीडिंगची सरासरी काढली तरी ही चूक तसूभरही कमी होत नाही. सेन्सर आणि पाणी यांच्या साधारण मध्यावर तापमापक टांगून प्रत्येक नोंद दुरुस्त करावी.

एवढे झाल्यावरच सरकती सरासरी, म्हणजे प्रत्येक मिनिटासाठी आसपासच्या काही नोंदींची सरासरी, घ्यावी. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर नऊ नोंदींच्या सरासरीने त्यांचा पसारा एकतृतीयांश होतो. परंतु केवळ मागच्या नोंदी वापरल्यास उत्तर चार मिनिटे उशिरा मिळते. मागील महिन्याचा आलेख तपासताना मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी घेऊन हा उशीर टाळता येतो. मोटार कोरडी चालू नये म्हणून ती बंद करायची असेल, तर ही चैन परवडणारी नाही. तिथे थेट मिनिटाचा मध्यकच वापरावा.

खरी कसोटी लागते ती उपसा थांबल्यावर विहीर तासाला किती भरते हे काढताना. मिनिटाच्या नोंदीतील चुकीचे प्रमाण विचलन (चुकांच्या पसाऱ्याचे माप) अर्धा सेंटिमीटर असेल, तर लागोपाठच्या दोन नोंदींच्या वजाबाकीतून काढलेल्या वेगात तासाला तब्बल 42 सेंटिमीटरची अनिश्चितता येते. त्याऐवजी 31 मिनिटांच्या नोंदींमधून न्यूनतम वर्ग पद्धतीने (नोंदींपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी राहील अशी) सरळ रेषा बसवून तिचा उतार घेतला, तर तीच अनिश्चितता तासाला 0.6 सेंटिमीटरवर येते. हा खटाटोप सार्थकी लावणारी पायरी हीच. मात्र त्या 31 मिनिटांत मोटार सुरू झालेली नसावी, अन्यथा रेषा दोन निरनिराळ्या घटनांची भेसळ करते.

आठवड्यातून एकदा वजन बांधलेली टेप सोडून अंतर हाताने मोजावे. टेप आणि सेन्सर यांतील फरक नेहमी सारखाच राहत असेल, तर टांगण्याच्या उंचीचे माप चुकलेले असते. पाणी खाली जाईल तसा फरक वाढत असेल, तर ध्वनीच्या वेगाची दुरुस्ती पुन्हा तपासावी.