टेलिस्कोपमधून बागेतले पक्षी टिपायचे तर आधी नळी मोजा

टेलिस्कोपला कॅमेरा जोडून पक्षी टिपायचे म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो मॅग्निफिकेशन वाढवण्याचा. तो मनावर घेऊ नका. बागेतला पक्षी पाच-दहा मीटरवर असतो आणि त्याच्यासाठी ८० मिलिमीटर व्यासाचा, ५०० मिलिमीटर फोकल लेंग्थचा छोटा रिफ्रॅक्टर, म्हणजे पुढे भिंग असलेला टेलिस्कोप, भरपूर होतो. एपीएस-सी सेन्सरचा (साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा) कॅमेरा लावला, तर ७ मीटरवरचा साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा चौकटीत येतो. चिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत १५ सेंटिमीटरची, म्हणजे अर्धी रुंदी तिनेच भरली. आणखी काय मोठं करायचं? दुपटीचा बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग, लावलात तर एफ ६ची नळी (एफ म्हणजे फोकल लेंग्थ भागिले व्यास) एफ १२ होते, प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो आणि शेपटी चौकटीबाहेर जाते. बार्लो चंद्रासाठी ठेवा.

जोडणी सोपी आहे. डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) आणि आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढून ठेवा, फोकसरमध्ये, म्हणजे चाकाने आत-बाहेर सरकणाऱ्या मागच्या नळीत, नोजपीस हा छोटा नळकांडा घाला, त्यावर तुमच्या कॅमेऱ्याची टी-रिंग (कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणारी जोडकडी), त्यावर कॅमेरा. आता टेलिस्कोप हीच तुमची लेन्स. कॅमेऱ्याला ती लेन्स ओळखू येत नाही, म्हणून मेन्यूत ‘लेन्स नसताना शटर’ हा पर्याय चालू करा. मागे वजन वाढतं, तेव्हा नळी क्लॅम्पमध्ये पुढे सरकवून तोल साधा.

इथवर सगळे पोहोचतात. अडतं ते पुढे, आणि मीही तिथेच कित्येक आठवडे अडले होते. फोकसर पूर्ण बाहेर काढला तरी पडद्यावर नुसता हिरवा-करडा धूर. दूरचं झाड जरा आकार घ्यायचं, समोरच्या फांदीवरचा बुलबुल मात्र काही केल्या दिसायचा नाही. मला वाटलं नळीच सदोष आहे. ज्या दुकानातून घेतली तिथे नेली, तर त्यांनी आणखी एक महागडा अॅडॉप्टर हातात ठेवला. त्यानेही काही झालं नाही. नळीत दोष नव्हताच. तिची लांबी कमी पडत होती.

याची कारणं दोन आहेत आणि दोन्ही एकाच दिशेला ओढतात. पहिलं डायगोनल. त्याच्या आरशापर्यंत आणि तिथून आयपीसपर्यंत प्रकाश जेवढं अंतर चालतो, तेवढं नळी बनवणाऱ्याने हिशेबात धरलेलं असतं. दोन इंची डायगोनलमध्ये हे अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास भरतं. ते काढलंत की तेवढी लांबी दुसऱ्या कशाने तरी भरून द्यावी लागते. दुसरं कारण पक्ष्याचं अंतर. टेलिस्कोप आकाशासाठी बनतो. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते, आणि किती सरकते ते ऐकून बहुतेकांना धक्का बसतो: ५०० मिलिमीटरच्या नळीत पक्षी २० मीटरवर असेल तर १३ मिलिमीटर, १० मीटरवर २६, ७ मीटरवर ३८ आणि ५ मीटरवर तब्बल ५६. छोट्या फोकसरची सगळी धाव यातच संपते.

उपाय म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब, फोकसर आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पोकळ नळी. पण अंदाजाने विकत घेऊ नका, आधी मोजा. पक्षी जिथे बसतो त्या काठीवर उन्हात वर्तमानपत्राचा तुकडा चिमट्याने लावा. टेलिस्कोप सावलीत ठेवून त्यावर रोखा. कॅमेरा काढा, फोकसर अर्धा बाहेर काढा आणि त्याच्या मागे ट्रेसिंग पेपरचा कपटा धरून हळूहळू मागे न्या. एका ठिकाणी मथळ्याची अक्षरं कागदावर उलटी, डोकं खाली करून, पण काळीभोर आणि कातीव उमटतील. तिथेच हात थांबवा आणि फोकसरच्या मागच्या कडेपासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. टी-रिंगच्या पुढच्या कडेपासून सेन्सरपर्यंत ५५ मिलिमीटर ठरलेले असतात, कॅमेरा कुठलाही असो. ते वजा करा, नोजपीसचा जो भाग बाहेर राहतो तोही वजा करा. उरेल तेवढी ट्यूब हवी. समजा ८० मिलिमीटर आलं, तर ८०ची एकच ट्यूब घ्या. चार छोट्या ट्यूब एकात एक फिरवून लांबी जुळवू नका. प्रत्येक आट्याला थोडी ढिलाई असते, कॅमेरा खाली झुकतो आणि चौकटीची एक बाजू कायम मऊ येते. फोकसर अर्धा उघडा ठेवून मोजायला सांगितलं ते यासाठी, की पक्षी मीटरभर पुढे-मागे बसला तर दोन्हीकडे सरकायला जागा राहावी.

फोकस सापडला तरी तो टिकवणं हे वेगळं काम आहे. ७ मीटरवर या नळीत जेमतेम साडेचार सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. चिमणी तोंड करून समोर बसली तर डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर. म्हणून बसायची काठी नळीच्या रोखाने बांधा. पक्षी काठीला आडवा बसतो, म्हणून तो बहुधा बाजूने दिसतो आणि चोचीपासून शेपटीपर्यंत एकाच प्रतलात येतो. पक्षी आल्यावर फोकस शोधायला लागणाऱ्याला फक्त रिकामी काठी मिळते. आधी पक्षी बसतो तिथल्या काठीच्या सालीवर, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, फोकसरच्या बारीक चाकाने फोकस लावा. साल दाणेदार दिसली पाहिजे. रंगीत कडा दाखवणाऱ्या फोकस पीकिंगवर माझा भरवसा नाही, ते अर्धवट फोकसलाही चकाकतं. फोकसरचा लॉक-स्क्रू आवळल्यावर प्रतिमा किंचित हलते, तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा तपासा. पक्षी बसला की बारीक चाक केसभर मागे-पुढे करत चार-पाच फोटोंचा झपाटा घ्या. डोळ्यात उजेडाचा पांढरा ठिपका टोकदार दिसला तर तो फोटो ठेवा, नाहीतर पुसा.

शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ ऑटो, रॉ फाइल. इलेक्ट्रॉनिक शटर आणि रिमोट वापरा, बोटाचा धक्काही दिसतो.

खिडकीच्या काचेतून काढू नका. साध्या काचेत एवढ्या फोकल लेंग्थला प्रतिमा फाटते, आणि ती चूक लोक फोकसच्या माथी मारतात. खिडकी उघडी पण खोली बाहेरपेक्षा गरम, तरीही हवा थरथरते आणि पिसं विरघळल्यासारखी दिसतात. टेलिस्कोप बाहेरच न्या, अर्धा तास निवू द्या, सकाळी लवकर काम करा. तापलेल्या फरशीवरून किंवा छपरावरून रोखलेली नळी दुपारी काहीच धड देत नाही.

साध्या दोन भिंगांच्या अॅक्रोमॅटमध्ये आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्ष्याभोवती जांभळी कड येते. मागे पानं ठेवा, बरीच लपते. ईडी काचेची, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेची, नळी असेल तर हा त्रास कमी. मॅक्सुटोव्ह या आरशांच्या टेलिस्कोपमध्ये रंगाचा त्रास जवळजवळ नाही, पण मधल्या आरशामुळे मागच्या पानांवरचा उजेड वर्तुळांच्या कड्यांसारखा उमटतो. मला ते पाहवत नाही.

घरट्याकडे नळी रोखून तासन् तास बसू नका. पालक पक्षी चोचीत किडा धरून लांबच फिरत राहिला, घरट्यात शिरेना, तर त्याला अडवणारे तुम्ही आहात. ताबडतोब उठा. आणि उडत्या पक्ष्यामागे नळी फिरवताना सूर्याकडे कधीही जाऊ देऊ नका. सेन्सर क्षणात जळतो, आणि आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असेल तर डोळाही. जागा बदलताना पुढचं झाकण आधी लावा, मगच ट्रायपॉड उचला.