लहान ख्रिस्ती समूह आणि प्रौढांचे धर्मशिक्षण : या चुका टाळा

मुलांच्या धर्मशिक्षणाची घडी आपल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या कार्यक्षेत्रात, बऱ्यापैकी बसलेली असते. इयत्तेनुसार वर्ग असतात, पाठ्यपुस्तके असतात, पहिली कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद प्रथमच घेणे) आणि दृढीकरण संस्कार यांची रीतसर तयारी करून घेतली जाते. त्यानंतर मात्र शिक्षण संपले असे घरचेही मानतात आणि चर्चही मानते. पंचेचाळीस वर्षांचा माणूस आजारपण, कर्ज, मुलांचे विवाह आणि आईवडिलांचे मृत्यू या सगळ्यांना चौदाव्या वर्षी पाठ केलेल्या उत्तरांच्या बळावर सामोरा जात राहतो. प्रौढांचे धर्मशिक्षण हा धर्मशिक्षणाचा प्रमुख प्रकार आहे, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवले होते. ख्रिस्ताचा संदेश पूर्णत्वाने जगण्याची क्षमता आणि जबाबदारी प्रौढांवर सर्वांत जास्त असते, हे त्यामागचे कारण. तरीही धर्मग्रामाचे वार्षिक नियोजन होते तेव्हा प्रौढांच्या वाट्याला ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातील एखादी रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचे शिबिर) आणि सणाआधीची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) एवढेच येते. ही पहिली चूक आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी लहान ख्रिस्ती समूहांची, म्हणजे शेजारच्या कुटुंबांनी एकमेकांच्या घरी प्रार्थनेसाठी आणि बायबलवाचनासाठी जमण्याची, कल्पना पुढे आली. आशियातील बिशपांच्या महासंघाने १९९० मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे भरलेल्या अधिवेशनात चर्च हे सर्वांच्या सहभागाने चालणाऱ्या समूहांचा समूह असावे, असे म्हटले. त्यानंतर भारतातील धर्मप्रांतांतही आळीआळीतल्या आणि वाडीवाडीतल्या समूहांना जोर आला. आज अडचण समूह नसण्याची फारशी राहिलेली नाही. समूह कागदावर आहेत, त्यांना संतांची नावे आहेत, पण महिन्याच्या सभेला तीच सहा-सात माणसे येतात आणि जपमाळ म्हणून, सूचना ऐकून घरी जातात.

सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज घडणारी चूक म्हणजे समूहाचे रूपांतर दुसऱ्या प्रवचनात करणे. धर्मगुरू किंवा धर्मभगिनी उपस्थित असतील तर सगळे आपोआप गप्प होतात. दोघेही नसतील तर समूहातील निवृत्त शिक्षक किंवा बायबलचा थोडाफार अभ्यास केलेले गृहस्थ ती जागा घेतात. हेतू चांगलाच असतो. लोकांना काहीतरी मिळावे असे त्यांना मनापासून वाटते. पण रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकलेलीच शिकवण गुरुवारी रात्री पुन्हा ऐकण्यासाठी दिवसभर विरारच्या लोकलमध्ये उभा राहून आलेला माणूस का येईल? तो येईल ते स्वतःचे काही बोलता यावे आणि शेजाऱ्याचे ऐकता यावे म्हणून.

दक्षिण आफ्रिकेतील लुमको संस्थेत तयार झालेली बायबल एकत्र वाचण्याची सात पायऱ्यांची पद्धत याच कारणासाठी आहे. तिच्यात प्रथम प्रभूला आमंत्रण, मग वचनाचे वाचन, मग मनाला भिडलेल्या शब्दांचा मोठ्याने पुनरुच्चार, मग मौन, त्यानंतर अनुभवांची देवाणघेवाण, मग एकत्रितपणे करावयाच्या कृतीचा विचार आणि शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना असा क्रम असतो. आपल्याकडे ही पद्धत ठाऊक नाही असे नाही. ती घाईने उरकली जाते. तिसरी पायरी बहुधा गाळली जाते, कारण एकच शब्द तीनदा उच्चारणे लोकांना संकोचाचे वाटते. वास्तविक, ज्यांना भाष्य करता येत नाही त्यांच्यासाठी हीच पायरी सर्वांत सोयीची आहे. शाळा अर्धवट सुटलेली आजीबाई ‘भिऊ नकोस’ एवढेच शब्द म्हणू शकते, आणि तिने ते का निवडले हे घरातल्या सगळ्यांना समजते. चौथ्या पायरीतील मौनाचेही तसेच आहे. आधी सांगून ठेवलेली तीन-चार मिनिटे घड्याळ लावून पाळावीत, नाहीतर अर्ध्या मिनिटात कोणीतरी गीत सुरू करते. पाचव्या पायरीत प्रत्येकाने ‘मला’ असे म्हणून बोलावे. ‘आपण सर्वांनी’ असे शब्द आले की उपदेश सुरू झाला, हे सभा चालवणाऱ्या संचालकाने ओळखावे. धर्मगुरू हजर असतील तर त्यांनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी बोलावे. हे त्यांना समूहाबाहेर, आधीच, आदराने सांगितलेले बरे.

याच्या नेमकी उलट चूकही घडते. प्रत्येकाने आपापले मत सांगितले, वचन मात्र कोणी नीट वाचलेच नाही, असे होते. गरीब विधवेच्या दानाचे उदाहरण घ्यावे. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील ४१ ते ४४ या ओवी वाचून समूह जवळजवळ नेहमी दातृत्वाकडे वळतो आणि चर्चच्या निधीवर येऊन थांबतो. पण त्याच अध्यायात अगदी आधी, चाळिसाव्या ओवीत, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी (यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांविषयी) येशू बोलतो. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की प्रश्न बदलतो : तिने जवळचे सगळे दिले हे थोरच, पण तिच्यापाशी दोनच नाणी उरावीत अशी परिस्थिती कोणी आणली? मिस्सेतील वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात हा उतारा मार्कच्या वर्षी, नोव्हेंबरच्या सुमारास येतो आणि त्याचे लांब व आखूड असे दोन पर्याय दिलेले असतात; आखूड पर्यायात शास्त्र्यांचा भाग नाही. समूहात लांब पर्यायच घ्यावा. सर्वसाधारण नियम म्हणून, वाचनाच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा ओवी एकाने घरी वाचून याव्यात, तळटीपा पाहाव्यात आणि दोन मिनिटांत सांगाव्यात. एवढा अभ्यास पुरतो. त्याउपर अवघड प्रश्न आला तर तिथल्या तिथे ठोकून उत्तर देऊ नये. तो लिहून घ्यावा, १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पाहावा किंवा प्रमुख धर्मगुरूंना विचारावा, आणि पुढच्या सभेत न विसरता त्याचे उत्तर आणावे. प्रश्न विचारणाऱ्याची श्रद्धा कमी आहे असे सुचवणारा एक शब्दही त्याला कायमचा घालवून देतो.

भाषेचा मुद्दा वसई परिसरात विशेष महत्त्वाचा आहे. घरात सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलणारी माणसे समूहात मात्र चर्चमधली प्रमाण मराठी बोलायला जातात आणि मग दोन वाक्यांत थांबतात. बायबल प्रमाण मराठीतून वाचावे, पण बोलणे ज्याच्या त्याच्या बोलीत होऊ द्यावे, आणि संचालकाने स्वतः तशी सुरुवात करून द्यावी. वसई रोड आणि नालासोपारा भागातील इमारतींमध्ये कोकणी, मल्याळी आणि तमिळ कुटुंबेही असतात. त्यांना ‘इंग्रजी गटाकडे जा’ असे सांगणे सोपे असते. परंतु तेच आपले दारचे शेजारी आहेत, त्यामुळे एखादे वाचन त्यांच्या भाषेत व्हावे इतकी तरी वाट ठेवावी.

वेळ आणि खाणे या दोन गोष्टी किरकोळ वाटतात, पण समूह त्यांच्यावरच मोडतात. संध्याकाळी साडेसातला ठेवलेली सभा नोकरदारांना आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना सारखीच अडचणीची होते. मासेमारी करणाऱ्या वस्तीत वार ठरवण्याआधी भरती-ओहोटी आणि होड्यांचे वेळापत्रक विचारावे लागते. ज्यांच्या घरी सभा आहे त्यांनी चहापलीकडे काही करू नये, असा नियम पहिल्याच दिवशी करावा आणि सुस्थितीतल्या घरांनी तो कटाक्षाने पाळावा. एका घरी केक आणि कटलेट आले की पुढच्या महिन्यात ज्याला ते परवडत नाही तो आपली पाळी टाळतो, आणि हळूहळू येणेही टाळतो. हे कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून अधिक जपावे लागते.

गोपनीयतेबाबत ढिलाई चालतच नाही. समूहात कोणी सुनेच्या वागण्याविषयी, मुलाच्या व्यसनाविषयी किंवा भावाशी चाललेल्या जमिनीच्या दाव्याविषयी बोलले आणि रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकले, तर ती व्यक्ती पुन्हा कधीही मन मोकळे करणार नाही. तिचे पाहून इतरही गप्प होतील. दर सभेच्या आरंभी ‘इथले इथेच राहील’ हे वाक्य मोठ्याने म्हणावे. ज्याने ते मोडले त्याच्याशी संचालकाने एकट्याने, त्याच आठवड्यात बोलावे.

सात पायऱ्यांतील सहाव्या पायरीचा, म्हणजे एकत्रितपणे करावयाच्या कृतीचा, विसर पडला की समूह आतल्या आत वळतो, आणि तिची जागा सणाच्या वर्गणीने व मंडप-जेवणाच्या कामवाटपाने घेतली की तो समितीच होऊन बसतो. कृती लहान असावी, ठरलेली असावी आणि नाव घेऊन सोपवलेली असावी. मिस्सेला येऊ न शकणाऱ्या वृद्धांची यादी करून त्यांना ख्रिस्तप्रसाद पोहोचण्याची सोय लावणे, नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला भेटणे, दवाखान्यात कोणासोबत रात्री थांबणे, अशी ती कामे असतात. पुढच्या सभेची सुरुवात ते काम झाले की नाही या विचारणेने करावी. चर्चच्या सूचना छापून हातात द्याव्यात, वाचून दाखवू नयेत.

आंतरधर्मीय विवाह झालेली, विभक्त झालेली किंवा वर्षानुवर्षे चर्चला न आलेली माणसे कोणी वगळलेली नसतात. त्यांना फक्त कोणी बोलावलेले नसते. निरोप व्हॉट्सॲपवर टाकला म्हणजे बोलावणे झाले असे मानू नये. प्रौढ वयात बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी चर्चने १९७२ मध्ये टप्प्याटप्प्याचा विधी पुन्हा प्रचलित केला. त्याला वेळ लागतो आणि लागू द्यावा, आणि त्या काळात त्यांचा घरचा आधार म्हणजे हा समूहच असावा.

समूह ओसरू लागला असेल तर मोठा कार्यक्रम ठेवून गर्दी जमवण्याच्या फंदात पडू नये. दोघादोघांनी गैरहजर कुटुंबांच्या घरी जावे, तक्रार न करता बसावे आणि न येण्याचे कारण ऐकून घ्यावे. एकच व्यक्ती अनेक वर्षे संचालक असेल तर तिने दोन सहायक निवडावेत, वर्षभर त्यांच्याकडून सभा चालवून घ्याव्यात आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नवे उपासनावर्ष सुरू होताना, जबाबदारी त्यांच्याकडे सोपवून स्वतः समूहात साधा सभासद म्हणून बसावे.