बाळाचा पहिला ईस्टर: आधी झोपेचं टाईमटेबल, मग बाकी सगळं

२०२५ च्या ईस्टरला आमची ठकी नऊ महिन्यांची होती आणि मी पहिलाच सण म्हणून इतकं काय काय ठरवून ठेवलं होतं की फोटोंमध्ये ती एकतर झोपलीये नाहीतर भोकाड पसरून बसलीये. तेव्हा जे लिहितेय ते सगळं हात पोळल्यावरचं शहाणपण.

आधी तारीख बघून ठेवा. ख्रिसमससारखी फिक्स नसते, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यात कधीही. २०२५ ला २० एप्रिल होती, २०२६ ला ५ एप्रिल आणि २०२७ ला २८ मार्च. काही झालं तरी पुण्यात ऊन असणारच, त्यामुळे कपडे सुती. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं, कारण माझ्या आईने एमजी रोडवरून तो पांढरा नेटचा फुगीर फ्रॉक आणला होता, आतून अस्तर नाही, पाऊण तासात पोरीच्या काखेत आणि मानेवर लाल चट्टे. हौस असेल तर आतून जुनं मऊ झबलं घाला आणि फोटो झाले की वरचा फ्रॉक काढून टाका.

आता चर्च. माझं माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट, त्यामुळे दोन्हीकडून आग्रह. माहेरचं क्वार्टर गेटचं सिटी चर्च (सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये जागा दिली होती त्याला, आमच्या शेजारच्या काकूंना अजून खरं वाटत नाही), तिथे शनिवारी रात्रीची मिस्सा (कॅथलिकांची प्रार्थना). बाहेर अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती, मग अंधाऱ्या चर्चमध्ये एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते, अंगावर काटा येतो खरंच. पण मग बायबलची वाचनं सुरू होतात आणि ती संपता संपत नाहीत, आणि चहूबाजूंनी मेणबत्त्या असताना मांडीवर नेटच्या फ्रॉकमधलं, दिसेल ते ओढणारं बाळ, नको रे बाबा. पुढची पाच वर्षं विसरा.

त्यापेक्षा रविवारची पहाटेची उपासना (आमच्या सासरच्या चर्चमध्ये असते तशी) गाठा. बाकी सगळे जांभया देत येतात, पण बाळ तर पाचला टक्क जागं असतंच ना! शिवाय ऊन चढायच्या आत घरी. टोकाची, दाराजवळची जागा धरा, स्पीकरपासून लांब, कारण पाळक (म्हणजे पास्टर) "प्रभू उठला आहे!" (येशू मेलेल्यांतून उठला, तोच हा दिवस) म्हणाले की अख्खी मंडळी "खरोखर उठला आहे!" असं जोरात म्हणते, आणि आमची ठकी तिथेच दचकून रडायला लागली. वेळेचं आधी फोन करून विचारा, दरवर्षी थोडी इकडेतिकडे होते.

ईस्टरची अंडी. चॉकलेटची आणि मार्झिपानची (काजू-बदाम नि साखरेच्या लगद्याची) कॅम्पातल्या बेकऱ्यांतून आणा, पण ती मोठ्यांसाठी. वर्षाच्या आतल्या बाळाला साखर, मीठ नकोच, मध तर अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. अख्खे काजू-बदाम घशात अडकतात. बाळासाठी साधं उकडलेलं अंडं, कडक उकडून कुस्करलेलं, सहा महिने झाले असतील तर. मात्र आयुष्यातलं पहिलं अंडं ईस्टरच्या दिवशी देऊ नका! त्याच आठवड्यात सोमवारी-मंगळवारी सकाळी थोडंसं देऊन बघा, ॲलर्जी निघाली तर डॉक्टर भेटतात, रविवारी दवाखाने बंद.

रंगवायला पांढरी अंडी घ्या आणि घरचेच रंग. दोन मुठी कांद्याची सालं एक लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळा, दोन चमचे व्हिनेगर घाला आणि उकडलेली अंडी त्यात अर्धा तास बुडवा, विटकरी रंग येतो. हळदीने पिवळा, बिटाने गुलाबी (बिटाचा जरा फिकाच येतो). बुडवायच्या आधी मेणबत्तीच्या टोकाने बाळाचं नाव लिहिलंत तर तेवढी अक्षरं पांढरी राहतात. वरून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की चकाकतात. आणि एप्रिलमध्ये ती दिवसभर टेबलावर मांडून नंतर खाऊ नका, दोन तासांत फ्रीजमध्ये.

अंड्यांची टोपली प्लॅस्टिकची नको, बुरुड आळीत छोटी दुरडी मिळते. पण घरी आणल्यावर आतून बाहेरून हात फिरवा, बांबूची टोचरी फास निघते, काठाला सुती ओढणी गुंडाळली की झालं. सशाचे कान वगैरे मी आणले होते, दोन सेकंदात काढून तोंडात!

दुपारी मटण. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस आमच्याकडे मटण बंद असतं, त्यामुळे त्या दिवशी सगळे तुटून पडतात आणि बाळाकडे बघायला कोणी नसतं. जेवणं दोन पंगतीत करा, पाहुण्यांना बाराच्या आधी किंवा चारनंतर बोलवा, मधली झोप कोणासाठीही मोडायची नाही. मी आत्याबाईंसाठी मोडली होती, रात्री अकरापर्यंत भोगली.

एक गोष्ट मात्र पुन्हा अशीच करीन. उपासनेनंतर आम्ही सासऱ्यांच्या कबरीवर फुलं ठेवायला जातो. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, एवढ्या लहानीला कबरस्थानात कशाला?" त्या म्हणाल्या, "अगं, त्यांनी नात बघितली नाही, आजच नाही न्यायची तर कधी?" मग ठकीला कबरीच्या कडेला बसवलं, हातात मोगऱ्याची चार फुलं दिली. तिने दोन ठेवली, एक चावलं आणि एक आजीच्या नाकात घालायला निघाली. तेवढ्यात सासूबाई हसल्या, तोच एक फोटो नीट आलाय.