उसापासून ऊर्जानिर्मिती: या चुका टाळा

वाफ कमी पडली की बॉयलरला बोल लावला जातो आणि बायोगॅस घटला की डायजेस्टरला, म्हणजे कुजवून वायू करणाऱ्या बंद टाकीला. उसाच्या अवशेषांवर चालणाऱ्या प्रकल्पांत मात्र बिघाड दिसतो त्याच्या एक-दोन टप्पे आधीच चूक होऊन गेलेली असते. बगॅसमध्ये, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यात, राहिलेले पाणी, शेतातून उसाबरोबर आलेली माती किंवा कच्चा माल नुसता पडून राहण्यात गेलेले दिवस, या तिघांपैकी एक कारण बहुधा सापडतेच. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मागे जाऊन पाहावे.

सर्वांत महागडी चूक ओलाव्याची. एक टन उसापासून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस मिळते आणि त्यात जवळजवळ निम्मे पाणीच असते. ओलावा ५० टक्के असेल तर प्रत्येक किलो कोरड्या भागामागे १ किलो पाणी भट्टीत जाते; तो ५२ टक्के झाला की हेच पाणी सुमारे १.०८ किलो होते. फरक किरकोळ वाटतो, पण या जादा पाण्याची वाफ करण्यात इंधनाचीच उष्णता खर्च होते, ज्वाला थंडावते, हवेत तरंगत जळायला हवे ते बगॅस जाळीवर ढिगाने साचते आणि वाफेचा दाब वरखाली होऊ लागतो. अशा वेळी हवा वाढवून भट्टी चेतवण्याचा मोह होतो. त्याने परिस्थिती आणखी बिघडते, कारण जादा हवा उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते आणि अर्धवट जळालेले कणही सोबत नेते. धुरातील ऑक्सिजन साधारण ४ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान आहे का आणि कार्बन मोनॉक्साइड किती आहे, हे दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय पंख्याला हात लावू नये. दोन्ही आकडे एकाच वेळी जास्त असतील तर हवा कमी नसून ती नीट मिसळत नाही, किंवा भट्टीची हवा तापवणाऱ्या एअर हीटरमधून गळती होत आहे, असे समजावे.

खरा उपाय ऊस पिळणाऱ्या शेवटच्या मिलपाशी असतो. रोलरच्या खाचा झिजल्या आहेत का, रस वाहून जाण्याच्या वाटा तुंबल्या आहेत का, हायड्रॉलिक दाब पुरेसा आहे का आणि इम्बिबिशनचे (उरलेला रस निघावा म्हणून चोथ्यावर सोडलेले) पाणी गरजेपेक्षा जास्त तर दिले जात नाही ना, हे याच क्रमाने तपासावे. साखरेचा उतारा वाढवण्यासाठी पाणी वाढवणारा विभाग आणि त्याच पाण्यामुळे हैराण झालेला बॉयलर विभाग यांची रोज गाठ पडत नसेल, तर हा दोष कधीच सुटत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मातीचे नुकसान हळूहळू होते, त्यामुळे ते उशिरा लक्षात येते. स्वच्छ बगॅसमध्ये राख साधारण २ ते ३ टक्के असते. यंत्राने तोडलेल्या किंवा पावसात भरलेल्या उसाबरोबर वाळू आली की राख वाढते आणि इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्या बाहेरून आणि आयडी फॅनची (धूर ओढून घेणाऱ्या पंख्याची) पाती घासली जातात. नळी फुटल्यावर धातूच्या दर्जाविषयी वाद घालण्यापेक्षा राखेचे प्रमाण दर पाळीला नोंदवणे कितीतरी स्वस्त पडते.

पाचट जाळण्याच्या बाबतीत उत्साह जरा जास्तच दिसतो. ते बगॅसपेक्षा कोरडे असते हे खरे, परंतु त्यात पोटॅशियम आणि क्लोरीन अधिक असतात. त्यांच्यामुळे राख कमी तापमानाला मऊ होते, वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांवर चिकटते आणि तिच्याखाली नळी गंजते. हिरवे वाढे या बाबतीत सर्वांत वाईट, म्हणून ते शेतातच ठेवावे. पाचट बगॅसमध्ये थोड्या प्रमाणात आणि सारखे मिसळून द्यावे, एकदम गठ्ठेच्या गठ्ठे ढकलू नयेत. शिवाय सगळे पाचट उचलून नेले तर जमिनीचे आच्छादन जाते आणि ओल टिकत नाही. त्यातला मोठा वाटा मागे ठेवणे हा हिशेबाचाच भाग आहे.

साठवलेल्या बगॅसचा ढीग आतून तापतो. आधी सूक्ष्मजीव आणि नंतर ऑक्सिडीकरण ही उष्णता निर्माण करतात. ढिगातून वाफ किंवा करपल्याचा वास येऊ लागला की तो घाईने उपसू नये. आत एकदम हवा शिरली तर धुमसणारा भाग पेट घेतो. पाण्याची सोय हाताशी ठेवून कडेने थोडा थोडा भाग काढावा, आणि जुना माल आधी वापरण्याचा नियम सुरुवातीपासूनच पाळावा.

उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये आणखी एक फसवी चूक होते. कंडेन्सेटबरोबर, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या आणि बॉयलरला परत दिल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर, साखर आली तर बॉयलरच्या तापमानाला ती विघटित होऊन आम्ल तयार होते आणि नळ्यांना इजा करते. चालक विद्युत्वाहकतेच्या मीटरवर भिस्त ठेवतात, पण साखरेचे आयन होत नाहीत, त्यामुळे साखर येऊनही मीटर ढिम्म राहतो. यासाठी अल्फा नॅफ्थॉलची चाचणी आहे. नमुन्यात या रसायनाचे काही थेंब टाकून परीक्षानळीच्या कडेने संहत सल्फ्युरिक आम्ल सोडले आणि दोन थरांच्या सीमेवर जांभळे कडे दिसले, तर ते कंडेन्सेट बॉयलरकडे न पाठवता तत्काळ वळवावे. मग गळती रस आटवणाऱ्या कोणत्या बाष्पकात किंवा साखर शिजवणाऱ्या पॅनमध्ये आहे ते एकेकाचे पाणी वेगळे तपासून शोधावे.

प्रेसमडपासून (रस गाळताना उरलेल्या गाळापासून) वायू तयार करणाऱ्यांची अडचण वेगळ्या प्रकारची असते. उघड्यावर पडून राहिलेले प्रेसमड आधीच कुजू लागते आणि वायू देणारा भाग हवेत जातो, तेव्हा ते ताजे वापरावे किंवा झाकून दाबून ठेवावे. डायजेस्टरमध्ये मेण आणि तंतू वर तरंगून साय धरतात, म्हणून ढवळणी पृष्ठभागापर्यंत पोहोचली पाहिजे. सामू (pH) घसरला की लगेच चुना टाकण्याची सवय मात्र घातक आहे. सामू हा उशिरा बोलणारा निर्देशक आहे; बाष्पशील आम्लांचे अल्कलिनिटीशी (आम्ल सहन करण्याच्या क्षमतेशी) असलेले गुणोत्तर त्याच्या कितीतरी आधी वाढू लागते. ते ०.४ च्या वर चढताना दिसले तर प्रथम खाद्य कमी करावे किंवा थांबवावे, तापमान स्थिर आहे का ते पाहावे, आणि त्यानंतर गरज पडलीच तर अल्कली थोडी थोडी द्यावी.

सल्फिटेशन पद्धतीच्या (गंधकाच्या धुराने रस स्वच्छ करण्याच्या) प्रेसमडमधून, तसेच सल्फेटयुक्त स्पेंटवॉशमधून (मद्यार्क काढल्यावर उरलेल्या सांडपाण्यातून) हायड्रोजन सल्फाइड मोठ्या प्रमाणात येतो. तो इंजिनाचे तेल आम्लयुक्त करतो, म्हणून शुद्धीकरण टाळून इंजिन चालवू नये. माणसासाठी तो त्याहून धोकादायक आहे: सुमारे १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून टाकीत उतरू नये. बंद जागेत जाण्यापूर्वी वायुमापक लावावा, हवा खेळती करावी आणि बाहेर दोर धरून दुसरा माणूस उभा असल्याखेरीज कोणालाही आत सोडू नये.